‘अरेच्चा’चं बटण

बडोद्यात आमच्या धंद्यात एडिटिंगला ‘मिक्सिंग’ म्हणतात. शूटिंग कोणीही केलेलं असो, कॅसेटी शेवटी दांडिया बाजारातल्या आमच्या खोलीत यायच्या आणि वधूपिता जिन्यातूनच विचारायचे, ‘‘मिक्सिंग कधी होईल?’’ दोन व्हीसीआर जोडून सुरुवात केली, मग मिनीडीव्ही आलं, मग संगणकावर एडियस नावाचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर. आता पाहुण्यांच्या मोबाइलमधले तुकडे येतात. या सगळ्या काळात काय ठेवायचं आणि काय उडवायचं हे ठरवून मी पोट भरलं आहे. पुढे जे लिहितो आहे त्यात मी तटस्थ नाही, हे वाचणाऱ्याने धरून चालावं.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी पेनड्राइव्हवर पार्किंगच्या कॅमेऱ्यातलं साडेतीन मिनिटांचं फुटेज आणून दिलं. ‘‘काका, ग्रुपवर एवढं लांब कोणी बघत नाही. वीसेक सेकंदांचं करून द्या.’’ फुटेजमध्ये दुसऱ्या मजल्यावरचे अप्पा एका मुलाच्या बाइकच्या सीटवर काठी आपटताना दिसत होते. त्याआधीची अडीच मिनिटं तो मुलगा गाडी जागच्या जागी रेस करत बसला होता. अप्पा दोनदा खाली आले, दोनदा हात जोडले, दोनदा परत वर गेले. कॅमेऱ्याला आवाज नव्हता, त्यामुळे पडद्यावर त्या अडीच मिनिटांत ‘काही घडत’ नव्हतं. काही घडत नाही तो भाग काढायचा, ही माझी जन्माची सवय. अठरा सेकंद उरले, आणि त्यात काठी उरली.

अप्पांना वाईट दाखवा असं मला कोणीही सांगितलं नव्हतं. सेक्रेटरींनाही फक्त क्लिप छोटी हवी होती. पण त्यानंतर दहा-बारा दिवस अप्पा खालच्या बाकावर बसायला आले नाहीत. शेवटी मीच वर गेलो आणि झालं ते सांगितलं. ते म्हणाले, ‘‘आमच्या धाकटीच्या लग्नाचं मिक्सिंगही तुमचंच ना? त्यात पाठवणीच्या वेळचं माझं रडणं तुम्ही कापलं होतंत. तेव्हा बरं केलं होतंत.’’

आजकाल घरातल्या आणि दारातल्या कॅमेऱ्यांवर बोलायला लागलं की वाद एकाच ठिकाणी अडकतो: कॅमेरा लावावा की लावू नये. तो वाद आता संपल्यात जमा आहे. अलकापुरीतल्या बंगल्यापासून रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्याच्या देवडीपर्यंत कॅमेरे लागले आहेत, आणि उद्या कोणी ते उतरवणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. नियम हवेत ते कात्रीला. चित्रित झालेल्यातून कोण काय निवडतो, कोणाला दाखवतो आणि कधी पुसतो, याबद्दल आपल्या घरांत, सोसायट्यांत आणि बऱ्याच अंशी कायद्यातही शुकशुकाट आहे.

सिनेमाच्या श्रेयनामावलीत एडिटिंगसाठी मराठीत ‘संकलन’ असं लिहितात. शब्द मोठा सोज्वळ आहे. संकलन म्हणजे गोळा करणं. फुलं गोळा करावीत, लोकगीतं गोळा करावीत. प्रत्यक्षात आमच्या कामाचा नव्वद टक्के भाग टाकून देण्याचा असतो. तीन दिवसांच्या लग्नाच्या दहा कॅसेटी असल्या तर घरी दोन तासांचं काहीतरी जातं. टाकलेलं कोणी बघत नाही, म्हणून शब्दातही त्याचा पत्ता नाही. लग्नात हे चालतं, कारण तिथे कापण्यावर सगळ्यांची मूक संमती असते: रुसवे काढा, जेवणावळीतला गोंधळ काढा, मामांचा तिसरा नाच काढा. पार्किंगमधल्या भांडणात अशी संमती कोणी दिलेली नसते.

बडोद्याला या विषयात मोठेपणा मिरवायला जागा आहे, म्हणून थोडं आडवळण घेतो. १८९० साली सयाजीरावांच्या आश्रयाने इथे कलाभवन ही कला आणि तंत्र शिकवणारी संस्था सुरू झाली आणि दादासाहेब फाळके तिथे शिकले. चित्रकलेबरोबर फोटोग्राफी आणि छपाईच्या प्रक्रिया त्यांच्या हातात बसल्या त्या इथेच. पुढे १९१२ साली परदेशातून कॅमेरा आणल्यावर भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी घरातल्या कुंडीसमोर कॅमेरा ठेवला आणि वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते महिनाभराहून जास्त काळ थोडं थोडं टिपलं. पडद्यावर ते रोप बघता बघता वाढलं. घरात एका जागी रोखलेला कॅमेरा आणि कित्येक दिवसांचा क्षणभरात केलेला सारांश: आज ‘स्मार्ट होम’ म्हणून जे विकलं जातं त्याचा सांगाडा हाच. फरक एवढाच की वाटाण्याच्या रोपाला शेजारी नसतात.

सारांश काढण्याचं हे काम संगणकाकडून करून घ्यायचं संशोधन गेली पंचवीस-तीस वर्षं जोरात चाललं आहे. एक दृश्य कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते आपोआप ओळखायचं, प्रत्येक दृश्यातली एक प्रातिनिधिक चौकट, म्हणजे फ्रेम, निवडायची, चेहरे ओळखायचे, दार उघडलं की माणूस आला याची नोंद करायची. २००१-०२च्या सुमारास एमपीईजी-७ नावाचं प्रमाणक आलं. त्याचं काम व्हिडिओ दाबून लहान करण्याचं नव्हतं. व्हिडिओत काय आहे याची सूची लिहायची पद्धत त्यात ठरवलेली होती. बडोदेकराला हे चटकन कळावं. १९१० साली सयाजीरावांनी विल्यम बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला अमेरिकेहून बोलावून इथल्या ग्रंथालयांची घडी बसवली, ती पुस्तकांना जागा आणि क्रमांक देऊनच. सूचीशिवायचं भांडार म्हणजे रद्दी, हे आपल्या गावाला शंभर वर्षांपूर्वी पटलेलं आहे.

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या पुढाकाराने व्हिडिओ शोधण्याच्या पद्धतींची दरवर्षी परीक्षा होते. त्यात २००७ साली एक गंमतशीर प्रश्न होता: बीबीसीच्या मालिकांचं न कापलेलं कच्चं चित्रण घ्या आणि मूळ लांबीच्या फार तर ४ टक्क्यांत त्याचा सारांश करा. पुढच्या वर्षी मर्यादा २ टक्क्यांवर आणली. म्हणजे तासाभराचं सव्वा मिनिटात. मला हे वाचून धंद्याच्या पोटी असूयाच वाटली. पण तिथला सारांश कशासाठी होता ते बघा. कोणत्या टेपमध्ये काय आहे हे कळून माणसाने मूळ टेपकडे जावं, यासाठी. आपल्या घरी आलेल्या यंत्रांनी तंत्र घेतलं आणि मूळ टेपकडे जाण्याची वाट बंद केली. क्लिप हाच शेवट.

दारावरच्या बॅटरीच्या बेल-कॅमेऱ्याचंच घ्या. बॅटरी वाचावी म्हणून तो बहुतेक वेळ झोपलेला असतो. समोर माणसाच्या अंगाची ऊब हलली की जागा होतो आणि मग चित्रण सुरू करतो. म्हणजे जे घडलं त्याची सुरुवात बहुधा निसटलेली असते. तुमच्या दारातून कोणी रागाने निघून जाताना दिसेल. तो दाराशी किती वेळ ताटकळला ते दिसेलच असं नाही. इथे कापायला माझ्यासारखा कोणी लागतच नाही. यंत्रच कात्री घेऊन बसलेलं आहे, आणि त्याला एकच कळतं: हालचाल म्हणजे घटना, स्तब्धता म्हणजे काही नाही. अप्पांच्या बाबतीत माझी चूक अक्षरशः हीच होती.

चोवीस तास चालणारे कॅमेरे याला उत्तर वाटतात, पण तिथे जागेचं गणित आडवं येतं. साधा फुल एचडी कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिटने लिहीत असेल तर दिवसाला साधारण २१ ते २२ जीबी होतात. १२८ जीबीचं कार्ड सहा दिवसांत भरतं आणि जुन्यावर नवं लिहिलं जातं. सातव्या दिवशी कोणी म्हणालं, ‘त्याच्या आधीचं दाखवा,’ तर आधीचं उरलेलं नसतं. ज्याने पहिल्या दिवशी मोबाइलवर तुकडा उतरवून घेतला त्याचा तुकडा मात्र ग्रुपवर, गावभर आणि कायमचा. तो व्हॉट्सॲपवरून फिरताना पुन्हा दाबला जातो, मूळ फाइलमधल्या तारीख-वेळेच्या नोंदी गळून पडतात, आणि कोपऱ्यात छापलेली वेळ कडा कापली की जाते. दहा मिनिटांचं काम आहे. मला विचारा.

आता न्यायालयाशी तुलना करा. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४पासून लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार असं चित्रण पुरावा म्हणून द्यायचं तर सोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या आशयावरून गणिताने काढलेला ठसा, नोंदवावा लागतो. एक चौकट बदलली तरी ठसा बदलतो. चोरीच्या खटल्यात आरोपीला एवढं संरक्षण आहे. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र भांड्याला येणाऱ्या मावशींना, वॉचमनला, डिलिव्हरीच्या पोराला किंवा अप्पांना यातलं काहीच नाही. तिथे निकाल अंगठ्यांच्या चिन्हांनी लागतो आणि मावशींचं दुसऱ्या दिवसापासून काम जातं. त्या ग्रुपमध्ये मावशी नसतातच, हे वेगळं सांगायला नको.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याकडे लोक आशेने बघतात. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. पण एखाद्या व्यक्तीने खाजगी किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला हा कायदा लागूच नाही, असं त्यातच म्हटलं आहे. हेतू समजण्यासारखा आहे. बारशाचा व्हिडिओ काढणाऱ्या आत्याच्या मागे सरकार कशाला लागेल? प्रश्न असा की माझ्या दारावरचा कॅमेरा समोरच्यांचा उंबरठा, जिना आणि सार्वजनिक बोळ टिपत असेल तर ते घरगुती राहतं का? युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१४मध्ये याचं उत्तर दिलं. चेक देशातल्या एका गृहस्थाच्या घराच्या काचा फुटत होत्या, म्हणून त्याने कॅमेरा लावला. त्यात रस्ता आणि समोरच्या घराचं दार येत होतं. हल्लेखोर त्या चित्रणावरून सापडलेसुद्धा. तरीही न्यायालय म्हणालं, सार्वजनिक जागा टिपली की ते निव्वळ घरगुती राहत नाही, नियम लागू होतात. ज्याची बाजू खरी होती त्याच्याच प्रकरणात हे ठरलं, याचं मला विशेष वाटतं.

आपल्याकडेही पाऊल पडलं आहे. कोलकात्यात एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांपैकी एकाने राहत्या भागात कॅमेरे लावले. दुसऱ्याची संमती नव्हती. २०२५मध्ये उच्च न्यायालयाने दुसऱ्याच्या खाजगीपणाच्या बाजूने निकाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. सामायिक जिना, सामायिक चौक, वरच्या मजल्यावर थोरले आणि खाली धाकटे, अशी घरं दांडिया बाजारात किती आहेत ते मोजायची गरज नाही. या निकालाची बातमी आपल्याकडे जेवढी वाचली जायला हवी होती तेवढी गेली नाही.

गुजरातच्या २०२२च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्याने गर्दीच्या ठिकाणांना कॅमेरे लावून चित्रण ३० दिवस ठेवायला सांगितलं आहे. कमीत कमी किती ठेवा याला आकडा मिळाला. घरच्या कॅमेऱ्याने कधी पुसावं, याला कुठेच आकडा नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीच्या खोलीतलं चित्रण बाहेर विकलं जात असल्याचं उघड झालं तेव्हा चर्चा सगळी पासवर्डवर झाली. ती हवीच होती. पण त्या खोलीत कॅमेरा का होता आणि जे कोणालाच बघायचं नव्हतं ते साठून का राहिलं होतं, हे प्रश्न पासवर्डच्या आधीचे होते.

यावर नेहमीचा आक्षेप असतो की कॅमेऱ्यामुळे चोर सापडतात आणि बायका-मुलांना सुरक्षित वाटतं. सापडतात. पोलीस सर्वात आधी शेजारच्या दुकानाचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, मागतात, तो उगीच नाही. मी त्याहून अवघड उदाहरण घेतो. आमच्या बिल्डिंगमध्ये तीन घरं अशी आहेत जिथे फक्त आई-वडील राहतात आणि मुलं टोरोंटोत किंवा न्यू जर्सीत. हॉलमध्ये कॅमेरा आहे. त्यातल्या एका घरी पहाटे आजोबा पडले, आजींना ऐकू येत नाही, आणि तिकडे संध्याकाळच्या वेळी मुलाने मोबाइलवर पाहून आम्हाला फोन केला. आम्ही दार उघडून आत गेलो. त्या दिवसापासून कॅमेऱ्याविरुद्ध सरसकट बोलायची माझी हिंमत नाही.

त्याच घरात मी हेही ऐकलं आहे: ‘‘आई, बीपीची गोळी घेतलेली दिसली नाही.’’ ‘‘आई, काल दुपारी कोण आलं होतं? अर्धा तास बसले होते.’’ मुलगा प्रेमानेच विचारतो. पण ज्या बाईने पन्नास वर्षं त्या हॉलवर राज्य केलं, तिला आता स्वतःच्या घरात शेजारणीशी सुनेबद्दल दोन शब्द बोलायचे तर ओट्यापाशी जावं लागतं. सतराशेसाठ प्रकारची स्मार्ट यंत्रं निघाली, पण ज्याच्यावर कॅमेरा रोखला आहे त्याच्या हातात तो थांबवण्याचं बटण असलेलं एकही मी या घरांत पाहिलं नाही. सगळी बटणं मोबाइलमध्ये, आणि मोबाइल टोरोंटोत.

असं बटण काही अशक्य कोटीतलं नाही. वीस वर्षांपूर्वी होतं. एमआयटीतले प्राध्यापक देब रॉय यांनी २००५ साली, मुलाचा जन्म झाला तेव्हा, मूल भाषा कशी शिकतं हे अभ्यासायला स्वतःच्याच घराच्या छतात ११ कॅमेरे आणि १४ मायक्रोफोन बसवले. तीन वर्षांत सुमारे ९०,००० तासांचं चित्रण आणि १,४०,००० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. घरातलं आयुष्य इतक्या बारकाईने टिपल्याची दुसरी नोंद सापडणं कठीण. पण त्या घरात भिंतींवर छोटे पडदे होते. त्यावरून खोलीतलं चित्रण बंद करता येई, आवाज बंद करता येई, आणि एक बटण असं होतं की ते दाबलं की नुकतंच टिपलेलं पुसलं जाई. त्या बटणाला त्यांनी जे नाव दिलं होतं त्याला मराठीत ‘अरेच्चा’ म्हणावं लागेल. चुकून काही बोललो, नको तसे दिसलो, नवरा-बायकोचं वाजलं: अरेच्चा.

ज्या संशोधकाला प्रत्येक शब्द हवा होता, त्याने विसरण्याची सोय आधी केली. त्याच्यासारख्यांच्या संशोधनावर उभी राहिलेली बाजारातली यंत्रं चेहरे ओळखायला शिकली, सारांश काढायला शिकली, आणि हे बटण तेवढं वाटेत कुठेतरी गळलं. हा अपघात आहे असं मी मानत नाही. साठवण्याचं मासिक भाडं मिळतं. पुसण्याचं कोण देणार?

म्हणून घराच्या आतल्या कॅमेऱ्याबद्दल माझी मागणी एवढीच आहे: ज्या खोलीत तो आहे त्या खोलीत, भिंतीवर, चष्म्याशिवाय दिसेल एवढं मोठं ‘अरेच्चा’चं बटण असल्याशिवाय तो विकायला परवानगी नसावी. आजोबा पडले तर ते बटण दाबणार नाहीत, तेव्हा सुरक्षिततेचं काही बिघडत नाही. सरकारने कॅमेऱ्यांच्या सायबर-सुरक्षेची तपासणी सक्तीची केलीच आहे. त्या यादीत एक ओळ वाढवायची आहे.

सोसायट्यांसाठी तर दिल्लीकडे बघायचीही गरज नाही, वार्षिक सभेत ठराव करता येतो. आमच्या सभेत मी मांडला तो असा: फुटेजचा तुकडा ग्रुपवर टाकायचाच असेल तर घटनेच्या आधीची आणि नंतरची पाच-पाच मिनिटं न कापता ऑफिसात जपून ठेवायची, आणि ज्याचा चेहरा त्यात आहे त्याला, मग तो सभासद असो की झाडूवाला, ती आधी दाखवायची. तीस दिवसांनी सगळं पुसायचं, पोलिसांनी मागितलेलं सोडून. आवाज टिपायचा नाही. सेक्रेटरी म्हणाले, ‘‘काका, एवढं बघायला वेळ कोणाला आहे?’’ मी म्हणालो, वेळ नसेल तर टाकू नका. हशा झाला. ठराव पुढच्या सभेवर गेला आहे. अप्पांनी हात वर केला होता, आणि त्या बाइकवाल्या मुलानेसुद्धा. त्याला त्या अठरा सेकंदांवरून कॉलेजात काय काय ऐकावं लागलं ते मला त्या दिवशी कळलं. त्याची बाजू तर माझ्या डोक्यातही आली नव्हती.

टोरोंटोवाल्या मुलाच्या आई मात्र ठरावासाठी थांबलेल्या नाहीत. रोज दुपारी शेजारणी यायच्या वेळेला त्या स्टुलावर चढतात (तेवढं त्यांनी करू नये असं मी शंभरदा सांगितलं आहे) आणि कॅमेऱ्यावर नऊवारीचा एक जुना तुकडा टाकतात. तिकडे रात्रीचे अडीच-तीन वाजलेले असतात. सकाळी मुलाचा फोन येतो, ‘‘आई, दुपारी तासभर काहीच दिसत नव्हतं.’’

‘‘धुणं वाळत घातलं होतं रे,’’ त्या म्हणतात.